आडवा वारा, शिकाऊ वैमानिक आणि आपले शिवार

बारामती, शिरपूर, जळगाव किंवा गोंदियाजवळचे बिरसी या भागात तुमची शेती असेल तर डोक्यावरून घरघरत जाणारी छोटी विमाने तुम्हाला नवीन नाहीत. सुरुवातीला पोरे बांधावर पळत येऊन हात हलवायची. आता बैलसुद्धा मान वर करीत नाही. ही विमाने प्रवासी नेत नाहीत. त्यात बसलेला मुलगा किंवा मुलगी वीस-बावीस वर्षांची असते. शेजारी कधी शिकवणारा असतो, कधी नसतो. नसतो तेव्हा ते पोर आकाशात एकटे असते. खाली उतरवून द्यायला दुसरे कोणी नाही.

आज त्या उतरण्याविषयी लिहायचे आहे, आणि त्यातही वाऱ्याविषयी. वाऱ्याचे ज्ञान तुम्हाला आम्ही द्यावे असे नाही. खळ्यावर उफणणी केलेल्या माणसाला वारा कुठून येतो, कधी पडतो, कधी झोका मारतो हे अंगावरच्या केसांना कळते. पण तोच वारा विमानाच्या आडवा आला की काय होते, आणि विमान धावपट्टी सोडून उभ्या पिकात आले तर गावाने काय करायचे, हे विमानतळाशेजारच्या प्रत्येक गावाला माहीत असलेले बरे.

आधी आपल्याकडे काय घडले ते पाहू. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण केंद्राचे विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात सातपुड्याच्या कुशीत कोसळले. शिकवणारे वैमानिक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिथे धड रस्ता नव्हता. आसपासच्या आदिवासी बांधवांनी लुगड्याची झोळी केली आणि त्या मुलीला उचलून खाली आणले. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने निघालेल्या एका शिकाऊ मुलीचे विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात उतरले, आदळले. चिंकारा हरणांच्या माळरानासाठी ओळखले जाणारे हे गाव त्या दिवशी वेगळ्याच कारणाने पेपरात आले. मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बारामती परिसरात १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ, म्हणजे चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने पडली.

हे अपघात आडव्या वाऱ्याने झाले असे कोणी समजू नये. प्रत्येकाची कारणे वेगळी. ते येथे सांगितले एवढ्यासाठी, की विमान पडले की पहिला माणूस पोचतो तो शेतकरी. अग्निशामक बंब नव्हे, पोलीस नव्हे, चौकशी अधिकारी तर मुळीच नव्हे.

मोठे अपघात पेपरात येतात. पण हलक्या विमानांचे जगभरातले सर्वात जास्त अपघात असे कोसळून होत नाहीत, ते उतरताना होतात. त्यात माणूस बहुधा वाचतो, विमान मोडते, आणि बातमी दोन ओळींची होते किंवा होतच नाही. "विमान धावपट्टीवरून घसरले, वैमानिक सुखरूप." त्या दोन ओळींच्या मागे बऱ्याचदा आडवा वारा असतो.

विमानाला वारा कसा हवा?

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरते. समोरून वारा आला की जमिनीवरचा वेग कमी होतो, थोड्या जागेत थांबता येते. म्हणून धावपट्टी बांधताना त्या भागात वर्षातून जास्त दिवस वारा कुठून वाहतो हे पाहतात आणि त्या दिशेने पट्टी आखतात. पण पट्टी एकदा डांबराची झाली की ती हलत नाही. वारा मात्र रोज हलतो. बारामतीची पट्टी साधारण पश्चिम-वायव्य ते पूर्व-आग्नेय अशी आहे. जून ते ऑगस्ट नैऋत्येचा वारा जोरात असतो तेव्हा तो या पट्टीला तिरका पडणारच. उन्हाळ्यात दुपारी माळ तापला की वावटळ उठते, तिची तर दिशाच नाही.

आता थोडे गणित, घाबरू नका. विमानवाले वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. समजा वारा १४ नॉट आहे आणि पट्टीच्या रेषेशी ६० अंशांचा कोन करून येतो आहे. मग त्यातला सुमारे १२ नॉट वारा विमानाला आडवा ढकलतो. कोन ३० अंश असता तर निम्माच, म्हणजे ७ नॉट ढकलला असता. पूर्ण काटकोनात आला तर सगळाच. घरातल्या बारावीच्या मुलाला विचारा, त्याच्या पुस्तकातले 'साइन' ते हेच.

१२ नॉट म्हणजे ताशी २२ किलोमीटर. तुम्ही म्हणाल, एवढ्या वाऱ्याने आमच्या गोठ्याचा पत्राही हलत नाही! खरे आहे. पण शिकाऊ विमान म्हणजे काय चीज आहे ते बघा. सेसना १५२ नावाचे दोन आसनी विमान इंधन-माणसांसह जास्तीत जास्त ७५७ किलो भरते. तुमच्या दारातला साधा ट्रॅक्टर याच्या दुपटीहून जड. त्यात पंख दहा मीटर लांब. उतरताना वेग सुमारे ६० नॉट, म्हणजे ताशी १११ किलोमीटर. हलके अंग, लांब हात आणि पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत. मोटारसायकलवरून जाताना शेजारून लक्झरी गेली की हँडल कसे हिसकते, तो अनुभव आठवा, म्हणजे कल्पना येईल.

या सेसना १५२ बनवणाऱ्यांनी आपल्या पुस्तकात १२ नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा दिला आहे. तिची मोठी बहीण सेसना १७२, चार आसनांची, तिच्यासाठी १५ नॉट. हा आकडा म्हणजे कायद्याची मर्यादा नव्हे. कारखान्याच्या कसलेल्या वैमानिकाने एवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवले, एवढाच त्याचा अर्थ. कसलेला पैलवान जे वजन उचलतो ते तालमीत कालच आलेल्या पोराने उचलावे असे कोणी म्हणत नाही. म्हणून प्रशिक्षण केंद्रे एकट्याने उडणाऱ्या शिकाऊंसाठी याहून खालची मर्यादा घालतात. घालायलाच हवी.

आता तुम्हीच बसा

समजा, तुम्हीच त्या विमानात आहात. शिकून महिने झालेत, एकट्याने उडायची ही सातवी-आठवी वेळ. मागच्या आठवड्यात सगळे झकास झाले होते, कारण सकाळची वेळ होती, वारा पडलेला होता. आज निघताना वारा बरा होता, परत येईपर्यंत उठला. पट्टीच्या कडेला पांढरा-केशरी कापडी मोजा खांबाला लावलेला असतो, त्याला विंडसॉक म्हणतात. तो लोंबत असला तर वारा नाही. आडवा ताठ झाला तर साधारण १५ नॉट किंवा त्याहून जास्त. आज तो जवळजवळ ताठ आहे आणि शेपूट उजवीकडे फेकतो आहे. म्हणजे वारा डावीकडून.

तुम्ही पट्टीच्या रेषेत आलात. नाक सरळ पट्टीवर रोखून पंख सपाट ठेवले तर विमान पट्टीकडे जातच नाही. दर सेकंदाला सहा मीटर उजवीकडे सरकते. अशा पट्ट्यांची रुंदी साधारण तीस मीटर असते. म्हणजे मधल्या पांढऱ्या रेषेवरून बाहेर जायला अडीच-तीन सेकंद पुरे. पूर आलेली नदी ओलांडणारा पोहणारा समोरच्या घाटाकडे तोंड करीत नाही, वरच्या अंगाला तोंड करतो, तेव्हा कुठे घाटाला लागतो. विमानाचेही तेच. नाक वाऱ्याकडे अकरा-बारा अंश वळवून तिरके यायचे. वैमानिक याला खेकड्याची चाल म्हणतात, आणि आपल्या ओढ्यातला खेकडा ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

येथपर्यंत ठीक. पण खेकड्यासारखे तिरके असताना चाके टेकली तर? चाके एकीकडे तोंड करून आहेत आणि विमान दुसरीकडे चालले आहे. ट्रॉली वळणावर आडवी ओढली जाते तेव्हा टायर कसा किंचाळतो, तसा सगळा भार चाकांच्या पायांवर आडवा येतो. म्हणून जमीन हाताच्या अंतरावर आली की दोन कामे एकदम करायची. पायाने उजवे रडर दाबून नाक पट्टीच्या रेषेत आणायचे, आणि त्याच वेळी हाताने सुकाणू डावीकडे वळवून डावा पंख वाऱ्याच्या अंगाला जरा खाली ठेवायचा. पाय एकीकडे, हात दुसरीकडे. मग आधी डावे चाक टेकते, मग उजवे, मग नाकाचे. पाहणाऱ्याला वाटते विमान वाकडे उतरले. खरे तर तेच सरळ उतरणे असते.

शिकाऊ माणूस चुकतो तो येथेच. त्याचा पाय उशिरा पडतो किंवा कमी पडतो. शिवाय जमिनीजवळ आल्यावर वारा तोच राहत नाही. पट्टीच्या कडेला गोदाम असेल, झाडांची रांग असेल, तर तिच्या आडोशाला वारा क्षणभर पडतो आणि आडोसा संपताच थाप मारतो. आता १४ चा वारा २० झाला, म्हणजे आडवा भाग १७ नॉटवर गेला. विमान उजवीकडे ढकलले गेले आणि तिरके असतानाच टेकले, आदळले, उसळले.

उसळी आली की माणसाचा हात आपोआप पुढे जातो. कुणीही घाबरला की सुकाणू पुढे ढकलतो, कधी एकदा खाली जातो असे होते. तेच घातक. नाक खाली जाते आणि पुढचे बारीक चाक आधी आपटते. ते चाक नांगराच्या फाळासारखे मजबूत नसते, मागची दोन चाके भार घेतील अशा हिशेबाने ते बनवलेले असते. एका उसळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, प्रत्येक पहिलीहून उंच. तिसऱ्या-चौथ्या उसळीला पुढचे चाक मोडते, पंखा डांबराला लागतो, इंजिन जागीच ठप्प होते.

समजा उसळी नाही आली, चाके नीट टेकली. तुम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि हातपाय ढिले केले. अपघाताची दुसरी जागा ही. विमानाचे शेपूट उंच, वाऱ्याला भरपूर अंग देणारे. मंदिराच्या शिखरावरचा वातकुक्कुट जसा वाऱ्याकडे तोंड फिरवतो तसे विमानही चाकांवर उभे असताना नाक वाऱ्याकडे फिरवू पाहते. येथे वारा डावीकडचा, म्हणून नाक डावीकडे. त्यातच तुम्ही सुकाणू सरळ सोडले, तर वारा डाव्या पंखाखाली शिरून तो वर उचलतो. वेग कमी होत जातो तशी रडरची ताकदही कमी होते. म्हणून उतरल्यावर सुकाणू वाऱ्याकडे सोडून द्यायचे नाही, उलट वेग कमी होईल तसे आणखी वळवायचे. विमान बांधून ठेवीपर्यंत उड्डाण संपलेले नसते, असे जुने शिक्षक सांगतात ते यासाठीच.

तिसरी जागा त्याहून वाईट. विमान डावीकडे निघाले, तुम्हाला वाटले आता जमत नाही, पुन्हा उडावे. पूर्ण ताकद दिली. या विमानांचा पंखा ज्या बाजूला फिरतो त्यामुळे एकदम ताकद दिली की नाक स्वतःहून डावीकडे ओढ घेते. वाराही डावीकडेच ओढतो आहे. दोन ओढी एकाच दिशेला झाल्या. उजवा पाय पूर्ण दाबला नाही तर विमान धड उडत नाही, धड थांबत नाही, आणि पट्टीच्या डाव्या अंगाला असलेल्या कुणाच्या तरी शिवारात घुसते. पावसाळ्यात काळी जमीन असेल तर पुढचे चाक रुतते आणि मागचा वेग विमानाला पालथे घालतो. चाके आकाशाकडे, माणूस पट्ट्याला उलटा लटकलेला.

हे सगळे वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या दहाव्या हिश्श्यात घडते.

मोठ्यांचेही असेच

शिकाऊ म्हणून हसण्यात अर्थ नाही. १ मार्च २००८ रोजी जर्मनीत 'एमा' नावाचे वादळ चालू होते. म्युनिकहून हॅम्बुर्गला आलेले लुफ्तान्साचे एअरबस ३२० हे जेट विमान, आत १३० हून अधिक प्रवासी, आडव्या वाऱ्यात उतरत होते. विमान सहवैमानिकाच्या हाती होते, वय २४. पट्टीवर टेकता टेकता वाऱ्याने विमान कलले आणि डाव्या पंखाचे टोक डांबराला घासले. त्याच क्षणी त्यांनी उतरणे सोडून दिले, पुन्हा वर उचलले, फेरी मारली आणि वाऱ्याला जास्त सोयीच्या दुसऱ्या पट्टीवर उतरले. कोणालाही खरचटले नाही. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली.

त्या घटनेत दोन गोष्टी होत्या. उतरणे सोडून द्यायची तयारी होती, आणि दुसऱ्या दिशेची दुसरी पट्टी होती. आपल्या जिल्ह्यातल्या धावपट्ट्या एकेकच. दुसरी पट्टी म्हणजे दुसरे विमानतळ, तेवढे इंधन टाकीत ठेवूनच निघायला हवे. मग पहिलीच गोष्ट हातात उरते: जमत नाही असे वाटले की लवकर, उंचीवर असतानाच सोडून द्यायचे, आणि फिरून यायचे.

ऐकायला सोपे आहे. पण तालुक्याच्या गावातून आलेल्या पोराच्या डोक्यात त्या वेळी काय असते याचा विचार करा. खाली सोबती बघत असतात. पुन्हा फेरी मारली तर हसतील. शिक्षक काय म्हणतील? फेरीचे पैसे लागतील. प्रत्येक तास मोजलेला असतो. व्यावसायिक परवान्याला आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते, त्यातले किमान १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर. एकूण खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. त्यासाठी कुणी जमीन तारण ठेवलेली असते, कुणी विकलेली असते. घरी वडील ऊसबिलाचा हिशेब घालत असतात. एवढे ओझे डोक्यावर घेऊन बसलेल्या मुलाला 'आज नको' म्हणणे जड जाते, आणि वारा तर ओझे बघून जोर कमी करीत नाही.

म्हणून ज्या पालकांची मुले या वाटेला निघाली आहेत त्यांना एक सांगणे आहे. फी किती, वसतिगृह कसे, नोकरी लागेल का, हे तुम्ही विचारताच. त्याबरोबर हेही विचारा: एकट्याने उडताना आडव्या वाऱ्याची मर्यादा किती नॉट ठेवली आहे? ती कागदावर लिहिलेली आहे का? वारा उठल्यावर आकाशात असलेल्या मुलाला खालून कोण सांगतो? शिक्षक बरोबर असताना आडव्या वाऱ्यात किती वेळा उतरवून घेता? वारा पडलेल्या सकाळीच सगळे तास भरून दिले तर तास पुरे होतील, पण विद्या पुरी होणार नाही. उद्या नोकरीत वारा निवडून मिळत नाही. प्रश्न विचारल्यावर केंद्रचालक चिडले तर तेही एक उत्तरच समजावे.

आणि मुलाला घरून फोन कराल तेव्हा 'किती तास झाले' एवढेच विचारू नका.

विमान शेतात आले तर

आता गावाचे काम. पोलीस पाटील, सरपंच आणि तलाठी भाऊसाहेब यांनी हे जरा सावकाश वाचावे. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावात कोण म्हणतो!)

पहिला फोन ११२ ला, दुसरा १०८ ला. गट नंबर सांगून रुग्णवाहिकेला काही कळत नाही. कोणत्या फाट्यावरून आत यायचे, ट्रॅक्टरची वाट आहे की चारचाकी जाईल, ते सांगा, आणि फाट्यावर एक पोरगा उभा करा. विमानतळाशेजारच्या ग्रामपंचायतीने केंद्राचा आणि विमानतळाचा नंबर कार्यालयाच्या भिंतीवर रंगवून ठेवायला काय हरकत आहे?

विमानाकडे वाऱ्याच्या पाठीकडून जा, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर हवा. धूर, वाफ आणि आग तुमच्यापासून दूर जाईल. अशा विमानांचे इंधन पंखांत असते. सेसना १५२ च्या दोन्ही टाक्या मिळून शंभर लिटरच्या आसपास. बहुतेक जुन्या शिकाऊ विमानांचे पेट्रोल निळसर रंगाचे असते आणि पेट्रोलसारखेच पेट घेते. तंबाखू मळायला हरकत नाही, बिडी मात्र खिशातच राहू द्या. आग लागलीच तर पेटलेल्या पेट्रोलवर पाण्याची बादली मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. माती टाका, अग्निशामक नळकांडे असेल तर ते वापरा.

पुढच्या पंख्याला हात लावू नका, ढकलून फिरवू तर मुळीच नका. इंजिन बंद दिसले तरी किल्ली चालू असेल तर पंखा हलवताच ठिणगी पडून फिरू शकतो. आतला माणूस शुद्धीवर असेल तर त्यालाच किल्ली आणि मुख्य बटण बंद करायला सांगा. त्याला शुद्धीवर ठेवायलाही ते बरे.

आता सर्वात महत्त्वाचे. विमान पालथे असेल आणि माणूस पट्ट्याला उलटा टांगलेला असेल, तर धावत जाऊन पट्टा कापायचा नाही. पट्टा सुटताच तो डोक्यावर पडतो आणि अपघातात न मोडलेली मान तेव्हा मोडते. आधी दोघांनी खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून भार घ्यायचा, तिसऱ्याने मान सरळ धरायची, मग पट्टा सोडायचा. आग नसेल, इंधन गळत नसेल आणि तो बोलत असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला आधार देऊन तसेच धरणे किंवा बसवणे चालते. आग असेल तर मात्र हे नियम बाजूला ठेवा, जसे जमेल तसे ओढून काढा. वर्डीच्या लोकांनी केली तशी झोळी रस्ता नसलेल्या ठिकाणी उपयोगी आहेच, पण पाठीला मार वाटत असेल तर झोळीपेक्षा दरवाजाची फळी किंवा बाज बरी.

माणसे बाहेर निघाली की विमानाला कोणी हात लावायचा नाही. केंद्र सरकारचा विमान अपघात चौकशी विभाग आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांचे लोक पाहणी करून सोडीपर्यंत मोडतोड जागची हलवता येत नाही. जीव वाचवण्यासाठी जेवढे हलवावे लागले तेवढेच. पत्र्याचा तुकडा, घड्याळासारखे एखादे यंत्र आठवण म्हणून घरी नेण्याची हौस आपल्याकडे फार. तोच तुकडा चौकशीत लागतो. चाकाच्या उसळीच्या खुणा, गवतातला चाकोरीचा माग, पट्टी सोडल्याची जागा, यावरून ते लोक सगळी गोष्ट वाचतात, जशी तुम्ही सकाळी चिखलातल्या पावलांवरून रात्री कोणते जनावर आले ते वाचता. बघ्यांच्या पायांनी तो माग पुसू देऊ नका. पोलीस पाटलांनी दोरी बांधून माणसे मागे ठेवावीत.

बघ्यांमुळे आणखी एक नुकसान होते, त्याकडे कोणी बघत नाही. विमान दहा गुंठे पीक मोडते आणि बघायला आलेली गर्दी एकर तुडवते. शिवाय विमान हलवीपर्यंत त्या तुकड्याला पाणी देता येत नाही, औषध मारता येत नाही. सांडलेल्या इंधनाने मातीही बिघडते. म्हणून त्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायकांकडून पंचनामा करून घ्या. गट नंबर, पीक, त्याची अवस्था, विमानाने मोडलेले क्षेत्र वेगळे, गर्दीने तुडवलेले वेगळे, विहीर-पाइपलाइन-ठिबकचे नुकसान, सोबत तारीख दिसेल असे फोटो. भरपाईची मागणी विमानाच्या मालकाकडे लेखी द्यायची आणि तिची एक प्रत तहसील कचेरीत. तोंडी आश्वासनावर विमान उचलून नेऊ दिले की मग हेलपाटे सुरू होतात, हे काही विमानापुरतेच नाही.

ग्रामपंचायतीच्या हातातले

वारा आपल्या हातात नाही, पण पट्टीच्या आसपासची बरीच कामे गावाच्या हातात आहेत. ऊस तुटल्यावर पाचट पेटवायची सवय सुटत नाही. पट्टीशेजारी पाचट पेटले तर उतरणाऱ्या पोराला विंडसॉकच दिसत नाही. पाचट कुजवा असे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगते आहे, येथे त्याला दुसरे कारणही मिळाले. मेलेली जनावरे, कोंबड्यांच्या दुकानातला कचरा उघड्यावर टाकला की घारी-गिधाडे घिरट्या घालतात. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत असा कचरा टाकायला आणि उघड्यावर जनावरे सोलायला विमान नियमांनुसार मनाई आहे. कुंपण मोडून शेळ्या आत सोडणे, पहाटे पट्टीवर फिरायला जाणे, लग्नाच्या वरातीत लेसरचा झोत आकाशात मारणे, पट्टीच्या रेषेत उंच मनोरा किंवा खांब परवानगीशिवाय उभा करणे, हे सगळे त्यातच आले.

तरण्या पोरांनो, तुमच्यासाठीही काम आहे. विमान वाकडे होताना कोणी मोबाइलवर टिपले असेल तर ते गावभर पाठवण्याआधी चौकशीला आलेल्या माणसांना द्या. जे सांगाल ते पाहिलेले सांगा, ऐकलेले नको. विमान कोणत्या बाजूने आले, इंजिनचा आवाज चालू होता की तुटत होता, आधी कोणते चाक टेकले, किती वेळा उसळले, आणि वारा त्या घटकेला कुठून होता. वाऱ्याचे तर शेतकऱ्याइतके खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. उसाचे शेंडे कोणत्या अंगाला कलले होते, धुराळा कुणीकडे गेला, धुणे कुणीकडे फडफडत होते, एवढे आठवले तरी पुरे. विमानतळावरचे यंत्र एका जागेचा वारा लिहून ठेवते. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्या बांधावर, त्याच क्षणी वेगळा झोका आला असेल तर तो फक्त तुमच्याच लक्षात राहिलेला असतो.